रुप्याचा कस आणि काळ : सोनारी-परंडा परिसरातील जुन्या चांदीच्या वस्तूंची ओळख

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथ व जोगेश्वरी यांचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातील व पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुळांचे हे कुलदैवत असल्याने या देवाचे चांदीचे टाक सोनारीपासून दूर असलेल्या देवघरांतूनही पूजले जातात. गावाच्या नावावरून सोनारकामाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे; परंतु ग्रामनामाच्या ध्वनिसाम्यावर इतिहास उभारणे धोक्याचे असल्याने प्रस्तुत लेखात तो मार्ग स्वीकारलेला नाही. येथे विचार करावयाचा आहे तो या परिसरातील घरांत व देवळांत टिकून राहिलेल्या जुन्या चांदीचा. ती ओळखावी कशी, तिचा काळ ठरवावा कसा आणि इतिहासाचे साधन म्हणून तिचे मोल कोणते, हे या लेखाचे मुख्य प्रश्न आहेत.

जुन्या चांदीच्या अभ्यासाची जी मार्गदर्शक पुस्तके आज उपलब्ध आहेत ती प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतील जेवणाच्या टेबलावरील चमचे, काटे, सुऱ्या आणि वाढण्याची भांडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यांची पद्धत उपयुक्त आहे, पण ती जशीच्या तशी मराठी घराला लागू केली की फसगत होते. इंग्रजी चमचा स्वतःचा जन्मदाखला अंगावर वागवतो. मराठी पळी तो वागवत नाही. तिच्यावर काही लिहिलेले असलेच तर ते वेगळ्याच कारणासाठी असते.

इंग्रजी शिक्क्यांची व्यवस्था

स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. शुद्ध चांदी नरम असल्याने तीत तांब्याचा हीण मिसळावा लागतो. इंग्लंडमध्ये इ. स. १३०० च्या कायद्याने चित्त्याच्या मुखाचा शिक्का सुरू झाला, १४७८ पासून वर्षदर्शक अक्षर आले आणि १५४४ पासून चालत्या सिंहाची मुद्रा उमटू लागली. १६९७ ते १७२० या काळात कस वाढवून ९५८ च्या आसपास नेण्यात आला होता. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम व शेफिल्ड येथे परीक्षण कचेऱ्या स्थापन झाल्या. बर्मिंगहॅमची खूण नांगर आणि शेफिल्डची मुकुट. मुकुटाच्या जागी गुलाब आला तो १९७५ मध्ये. १७८४ ते १८९० या काळातील वस्तूंवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तक असते. व्हिक्टोरियाचे मस्तक असलेला चमचा म्हणूनच १८९० नंतरचा असू शकत नाही. अमेरिकन कारागीर मात्र ‘स्टर्लिंग’ हा शब्दच वस्तूवर ठोकत.

भारतात अशी परीक्षण कचेरी ब्रिटिश काळात नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी, मद्रासची पी. ऑर आणि सन्स या पेढ्या स्वतःचीच नाममुद्रा ठोकत. हॅमिल्टनच्या वस्तूंवर इंग्रजी शिक्क्यांची आठवण करून देणारी रांग असते व तीत हत्तीची मुद्राही आढळते. भुजचा विख्यात कारागीर ओमरसी मावजी आपल्या नावाची दोन रोमन आद्याक्षरे आणि गावाचे नाव ठोकत असे. हे सारे शिक्के कर्त्याची ओळख देतात. कसाची सरकारी हमी देत नाहीत. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे जुन्या बाजारात पुष्कळ घोटाळे होतात.

मराठी पंक्तीला काट्या-चमच्यांची गरजच नव्हती. जेवण हाताने, वाढणे पळीने, डावाने व ओगराळ्याने. संपन्न घरात चांदी येई ती ताट, वाटी, तांब्या, फुलपात्र, तुपाची वाटी-पळी या रूपांत. पूजेत ताम्हण, पळी-पंचपात्री, निरांजन यांच्या रूपात. आणि पाहुण्यांच्या सत्कारात तबक, पानदान, चुनाळे, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी यांच्या रूपात. पाश्चात्त्य पद्धतीचे टेबल आले ते संस्थानिकांच्या वाड्यांत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावरून रुळांवर धावणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट पोहोचवण्याचे काम ती करी. वाढण्याच्या भांड्याचा याहून चमत्कारिक नमुना मराठी राजघराण्यांच्या इतिहासात सापडणे कठीण. परंतु अशा वस्तू दरबाराच्या इतिहासात मोडतात. परंडा तालुक्यातील शेतकरी, वतनदार, पुजारी किंवा व्यापारी यांच्या घरातील चांदी त्या मार्गाने समजत नाही.

दोन रुपयांच्या सीमेवर

या परिसराच्या चांदीचा विचार त्याच्या राजकीय भूगोलापासूनच करावा लागतो. परंडा हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. लगतचे करमाळा, माढा व बार्शी हे तालुके इंग्रजी अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात, तर जामखेड अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात होते. म्हणजे सोनारीच्या आसपासच्या माणसाचे घर एका राज्यात आणि बाजार बहुधा दुसऱ्या राज्यात असे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यावर बार्शीच्या पेठेचे आकर्षण अधिकच वाढले असणार. त्यापूर्वीही ही सीमा स्थिर नव्हती. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दोआबाबरोबर धाराशिवचा भाग इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६० मध्ये धाराशिव व रायचूर निजामाकडे परत आले.

याचा चांदीशी संबंध कसा? संबंध नाण्यातून येतो. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅम) वजनाचा ठरला. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हजारात सुमारे ९१७ भाग. हाच ‘कलदार’. निजामाच्या राज्यात मात्र ‘हाली शिक्का’ चाले. त्याचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि कस सुमारे ८१८. हिशेब केल्यास कलदारात साधारण १०.७ ग्रॅम व हालीत ९.१ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. सहा कलदार बरोबर सात हाली हा जो ढोबळ विनिमय रूढ होता, त्याचे मूळ या दोन आकड्यांतच आहे. सराफाची कसोटी आणि बाजाराचा भाव येथे एकमेकांना साक्ष देतात.

सोनाराकडे नव्या भांड्यासाठी चांदी जाई ती बहुधा नाण्यांच्या किंवा मोडीच्या रूपात. गिऱ्हाइकाने रुपये मोजून द्यावेत आणि सोनाराने तेच मुशीत घालून भांडे घडवावे, ही रीत देशभर परिचित होती. जयपूरच्या राजवाड्यातील सुमारे ३४५ किलो वजनाचे चांदीचे प्रचंड गंगाजली रांजण राज्याच्या झाडशाही रुपयांपासून घडवल्याचे सांगतात, ते याच रीतीचे राजेशाही रूप होय. भांड्याचे वजनही ‘रुपयाभार’ या मापात सांगत. त्यामुळे जुन्या भांड्याचा कस ९१७ च्या जवळ आला तर कलदाराची आणि ८१८ च्या जवळ आला तर हाली शिक्क्याची चांदी त्यात असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. सीमेवरील या परिसरात ही तपासणी विशेष फलदायी ठरण्याजोगी आहे. कारण एका घराच्या भांड्यांतील कसावरून त्या घराचा व्यवहार कोणत्या बाजाराशी होता याचा अंदाज बांधता येईल. अर्थात मोडीत जुने दागिने मिसळत, सोनार स्वतःचा हीण घाली, डाखातही हलकी चांदी असे. म्हणून एका वस्तूवरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच घराण्याच्या अनेक वस्तूंचे कस एकत्र पाहिले तरच त्यांना अर्थ येतो.

या अनुमानालाही काळाची मर्यादा आहे. १८९३ च्या जूनपर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे, त्यामुळे नाणे आणि धातू यांच्या किमतीत फारसे अंतर नव्हते. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील टांकसाळी खुल्या नाणेपाडीसाठी बंद झाल्या. कलदाराची किंमत त्यातील धातूपेक्षा वर गेली आणि तो वितळवणे तोट्याचे झाले. यानंतर सोनाराने बाजारातील पाटाची चांदी घेणे सोयीचे ठरले. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव चढल्यावर चित्र पुन्हा उलटले आणि १९१७ मध्ये नाणी चलनाखेरीज अन्य कामास वापरण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली. असे रुपये वितळवून घडवलेली वस्तू कसोटीवर तत्काळ उघडी पडते. हाली शिक्का विलीनीकरणानंतर टप्प्याटप्प्याने, १९५९ पर्यंत व्यवहारातून गेला.

नाव घातलेली भांडी

मराठी घरातील चांदीवर सरकारी शिक्का नसला तरी ती मुकी नसते. भांड्यावर नाव घालण्याची चाल सर्वत्र आहे. तांब्या-पितळेप्रमाणे चांदीच्या भांड्यावरही बारीक छिन्नीने ठिपके पाडून मालकाचे किंवा देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि वर्ष कोरले जाई. लग्न, मुंज, बारसे, देवाला वाहिलेली वस्तू या सर्वांची नोंद अशी भांड्याच्या काठावर किंवा बुडाशी सापडते. इंग्रजी शिक्का कर्त्याचे नाव सांगतो आणि मालकाविषयी मौन पाळतो. मराठी लेख मालकाचे व दात्याचे नाव सांगतो आणि सोनाराला अज्ञात ठेवतो. समाजाच्या इतिहासकाराला दुसरा प्रकार अधिक उपयोगी म्हणावा लागेल. स्त्रियांची माहेरची नावे, लहान गावांची नावे, जातिवाचक व व्यवसायवाचक आडनावे दप्तरांत क्वचितच नोंदली जातात. ती एखाद्या फुलपात्रावर सुखरूप राहिलेली असतात.

लेख देवनागरीत की मोडीत, हे प्रथम पाहावे. मोडी लेख असल्यास वस्तू विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची असण्याचा संभव वाढतो. त्यानंतर वर्षाचा प्रश्न येतो आणि येथे खरी सावधगिरी लागते. या भागात शालिवाहन शक चाले, निजामाच्या कारभारात फसली सन चाले, जुन्या मराठी कागदांत सुहूर सन आढळतो आणि सीमेपलीकडे इसवी सन रूढ झाला होता. शकात ७८, दख्खनी फसलीत सुमारे ५९० आणि सुहूर सनात सुमारे ५९९ मिळवले असता इसवी सन येतो. समजा एखाद्या तबकावर सनाचे नाव न देता केवळ ‘१२३०’ असे कोरले आहे. तो शक मानल्यास वर्ष १३०८ येते, म्हणजे यादवांचा काळ. फसली मानल्यास १८२०-२१ आणि सुहूर मानल्यास १८२९-३०. तबक यादवकालीन असल्याचा दावा अशाच वाचनातून जन्मतो. आकड्याबरोबर अक्षरवळण, घडण व वापराची झीज पाहिली तर अशा चुका टळतात. वजनाचा आकडाही वर्ष समजून वाचला जातो. तोळे व मासे (बारा माशांचा तोळा) यांची नोंद बुडाशी असते. ती आजच्या ग्रॅममधील वजनाशी ताडून पाहिल्यास भांडे किती झिजले किंवा त्याचा एखादा भाग नंतर बदलला काय, हेही कळते.

घडण आणि कसोटी

हाताने ठोकून केलेल्या पत्र्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. आतल्या बाजूस हातोडीच्या खुणा बोटांना जाणवतात. यंत्रावर लाटलेला पत्रा एकसारखा असतो. उठावाचे काम करताना पत्रा राळेवर बसवून मागून उठवला जातो व पुढून छिन्नीने रेखला जातो, त्यामुळे मागील बाजूस नक्षीचे उलटे खळगे दिसतात. ओतीव वस्तूत ते दिसत नाहीत. देवाचे मुखवटे, प्रभावळ, छत्र यांची पाहणी नेहमी मागून करावी. जोड, डाख व डागडुजी तेथेच उघड होतात. देव्हारे व पालख्या यांवर लाकडाला पत्रा मढवलेला असतो, तेथे पत्र्याचे वय आणि लाकडाचे वय वेगवेगळे असू शकते.

कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ अनुभवी सराफाला कस सांगते, परंतु ९१७ व ९२५ यांतील फरक डोळ्यांना ओळखणे दुरापास्त आहे. ८१८ मात्र ओळखू येतो. पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व काढणे हा विज्ञान शाखेच्या कोणत्याही प्रयोगशाळेत करता येण्याजोगा उपाय आहे. शुद्ध चांदीचे गुरुत्व १०.४९ व स्टर्लिंगचे सुमारे १०.३६ असते, पोकळ किंवा आत लाख भरलेल्या वस्तूला मात्र ही पद्धत लागू पडत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने वस्तूला इजा न होता घटक कळतात. पण हे यंत्र पृष्ठभागच वाचते. वर मुलामा असेल तर उत्तर मुलाम्याचे मिळते.

चांदीसारख्या दिसणाऱ्या वस्तूंपैकी तीन प्रकार वारंवार आढळतात. ‘जर्मन सिल्व्हर’ या मिश्रधातूत तांबे, निकेल व जस्त असते. चांदीचा अंशही नसतो. (ग्रामीण महाराष्ट्रात ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात, त्यामुळे तोंडी माहिती घेताना आणखी गोंधळ होतो.) याच मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेली भांडी १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी एकाधिकार मिळवल्यानंतर जगभर पसरली, त्यांवरील रोमन अक्षरांची रांग पाहून ती स्टर्लिंग समजली जातात. तिसरा प्रकार शेजारच्या बीदरचा. बिदरी पानदान व हुक्क्याचे बूड जस्त-तांब्याच्या मिश्रणाचे असते, त्यात चांदीची तार किंवा पत्रा जडवलेला असतो आणि बीदरच्या किल्ल्यातील मातीच्या लेपाने उरलेला भाग काळा होतो. कलेच्या दृष्टीने तिचे मोल मोठे असले तरी चांदीच्या वजनात ती भरत नाही, म्हणून ती मोडीत कमी गेली आणि अधिक टिकली, असे म्हणण्यास वाव आहे.

टाक : टिकणारी आणि न टिकणारी चांदी

सोनारीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर साच्याच्या साहाय्याने देवतेची प्रतिमा उठवतात आणि कित्येकदा मागे तांब्याचा पत्रा देतात. देवघरातील टाकांचा संच म्हणजे त्या कुळाचा सांकेतिक इतिहास होय. अष्टभुजा महिषमर्दिनी ही तुळजापूरची भवानी. घोड्यावर म्हाळसेसह बसलेला, सोबत कुत्रा असलेला खंडोबा. आणि त्रिशूळ, डमरू, खड्ग ही आयुधे धारण केलेला भैरवनाथ, बहुधा जोगेश्वरीसह. भैरवालाही कुत्र्याची सोबत असल्याने झिजलेल्या टाकावर खंडोबा व भैरवनाथ यांची गल्लत होते. अशा वेळी आयुधे पाहावीत आणि घराण्याची कुलाचाराची परंपरा विचारावी. पूर्वजांचे किंवा वीराचे टाक वेगळे असतात. एखाद्या घरात सोनारीचा भैरवनाथ व दुसऱ्या भागातील देवी एकत्र आढळली तर स्थलांतर, सोयरीक किंवा दत्तकविधान यांचा माग त्यातून लागू शकतो.

परंतु टाक फार काळ टिकत नाही. रोजचे स्नान, दही-दूध-लिंबाचा अभिषेक आणि चिंच किंवा रांगोळीने घासणे यांमुळे देवाचे नाक-डोळे दोन-तीन पिढ्यांत पुसट होतात. लग्नकार्यापूर्वी टाक उजळून घेण्याची चाल आहे आणि अतिशय झिजलेला टाक विसर्जित करून किंवा मोडीत घालून नवा घडवला जातो. धर्माचाराच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. मूर्ती बदलते, देव तोच राहतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक पुरावा नाहीसा होतो. एकोणिसाव्या शतकापूर्वीचे निश्चित काळाचे टाक दुर्मिळ असण्याचे हे पहिले कारण मानता येईल.

दुसरे कारण दुष्काळ. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात शेतकऱ्यांच्या घरातील चांदीचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत पोहोचले. सोलापूर, अहमदनगर आणि लगतचा निजामी मुलूख या आपत्तीच्या कक्षेतच होता. १९७२ च्या दुष्काळातही घरोघरची भांडी मोडली गेली. या परिसरातील सामान्य कुटुंबात १८७६ पूर्वीची चांदी आढळली तर ती एक तर देवाची म्हणून वाचली असेल किंवा ते कुटुंब दुष्काळातही तग धरण्याइतके सधन असेल. दोन्ही शक्यता नोंदवण्याजोग्या आहेत.

आज तिसरे कारण प्रबळ झाले आहे. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोमागे लाख रुपयांच्या बराच पुढे गेला आणि जुनी भांडी मोडीत देण्याचा मोह वाढला. सराफ मोडीचा हिशेब करतो तो वजन, कस व घट यांचा. त्यात लेखाला किंमत नाही. भारतीय मानक ब्युरोचे चांदीवरील हॉलमार्क २००५ पासून ऐच्छिक स्वरूपात आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून त्याला प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची जोड मिळाली. नव्या वस्तूसाठी ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. जुन्या शिक्काविरहित भांड्याविषयी मात्र तीमुळे अकारण संशय उत्पन्न होऊ शकतो. शिक्का नाही म्हणजे चांदी हलकी, हा समज ऐतिहासिकदृष्ट्या निराधार आहे.

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कलावस्तू पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात वापरल्या जाणाऱ्या चांदीबाबत या तरतुदीची जाणीव अगदीच कमी आहे. संग्रहालयांपैकी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने घरगुती भांड्यांना जे स्थान दिले, ते येथे आदर्शवत आहे. हैदराबादचे सालारजंग व निजाम संग्रहालय दरबारी चांदीसाठी पाहावे. परंतु सोनारी, परंडा, भूम, वाशी यांसारख्या ठिकाणची चांदी संग्रहालयात येण्याची वाट पाहत बसणे व्यवहार्य नाही, ती यावीच असेही नाही. टाक देवघरातच असावा. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना करता येईल ती नोंद : उजळायला किंवा मोडीत देण्यापूर्वी वस्तूचे पुढून, मागून व बुडाकडून छायाचित्र, ग्रॅममधील वजन, लेखाची कागदावर उतरवलेली छाप, सनाचे दोन्ही-तिन्ही संभाव्य वाचन, आणि ती वस्तू घरात कोणाच्या लग्नात, कोणत्या गावाहून आली याची वृद्ध स्त्रियांकडून घेतलेली तोंडी माहिती. या शेवटच्या रकान्यासाठी घाई करणे आवश्यक आहे, कारण मोडी वाचणारे शिकवून तयार करता येतात, पण सासूने सांगितलेली हकिगत जिच्या स्मरणात आहे तिच्यानंतर ती दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही.